नदीवर आलेला आळ

त्या घराविषयी आजवर लिहिल्या गेलेल्या प्रत्येक अहवालात नदी हीच आरोपी होती. वीस वर्षांत तीन निरनिराळ्या तज्ज्ञांनी तेथील ओलीची पाहणी केली होती आणि तिघांचेही म्हणणे थोड्याफार फरकाने एकच होते: घर टेम्सच्या काठी आहे, जमीन गाळाची आहे, पाणी पायात मुरते आणि भिंतींतून वर चढते. शेवटच्या अहवालाला एका कंपनीचे दरपत्रकही जोडलेले होते. भिंतीच्या तळाशी ओळीने भोके पाडून त्यांत रसायन भरायचे, जुना चुन्याचा गिलावा छातीइतक्या उंचीपर्यंत खरवडून काढायचा आणि त्या जागी पाणी अडवणारा सिमेंटचा गिलावा करायचा, असा तो प्रस्ताव होता. घर संरक्षित असल्यामुळे अशा कामाला स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते आणि त्या अर्जासोबत जुन्या वास्तूंचे काम जाणणाऱ्या वास्तुविशारदाचे मत जोडावे, असे मालकीणबाईंना कोणीतरी सुचवले होते. आमच्या पाच माणसांच्या कार्यालयाकडे हे काम आले ते एवढ्यापुरतेच. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी तेथे गेले ती, खरे सांगायचे तर, होकार देऊन जेवणाच्या वेळेपर्यंत परतायच्या तयारीने.

मी मूळची वाईची. कृष्णेकाठच्या ज्या घरात माझे लहानपण गेले त्याच्या मागच्या खोलीत दर पावसाळ्यात भिंतीला लोणा लागायचा, गिलाव्याचे पोपडे सुटायचे आणि गाद्यांना येणारा तो कुबट वास दिवाळीपर्यंत जायचा नाही. नदीकाठच्या घराला ओल असायचीच, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. पुण्यात वास्तुरचना शिकून पुढे इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या संवर्धनाचे शिक्षण घेतले आणि गेली अकरा वर्षे मी हेच काम करते आहे. तरीही त्या अहवालांवर माझा विश्वास इतक्या सहज बसला, याचे कारण बहुधा ती मागची खोली असावी.

घराचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तेथे एक कुटुंब राहते. बर्कशर परगण्यात, बॅसिल्डन पार्क या प्रसिद्ध प्रासादापासून काही मैलांवर, टेम्सच्या काठी ते आहे, एवढे पुरे. १७७० च्या दशकातले हे विटांचे घर ‘ग्रेड टू स्टार’ या श्रेणीत नोंदलेले आहे. इंग्लंडमधील संरक्षित वास्तूंपैकी सुमारे २.५ टक्के सर्वोच्च अशा ‘ग्रेड वन’मध्ये येतात, त्याखालोखालच्या ‘ग्रेड टू स्टार’मध्ये ६ टक्क्यांहून थोड्या कमी आणि उरलेल्या साऱ्या ‘ग्रेड टू’मध्ये. श्रेणी कोणतीही असली तरी १९९० च्या कायद्याने संरक्षण मिळते ते घराला आतून-बाहेरून, आणि वास्तूच्या स्वरूपाला बाधा येईल असा बदल परवानगीवाचून करणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. स्वतःच्या दिवाणखान्यातला गिलावा काढण्यासाठी अर्ज करावा लागतो, हे आपल्याकडच्या वाडेमालकांना सांगितले तर ते मला वेड्यात काढतील.

मी रस्त्याच्या बाजूने आले, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूने. नदी पलीकडे, घराच्या पाठीशी. जॉर्जियन म्हणजे साधारणपणे १७१४ ते १८३० या काळातले, एकामागून एक गादीवर आलेल्या चार जॉर्ज राजांच्या कारकिर्दीतले. या काळातल्या घराचा दर्शनी भाग नुसता पाहून चालत नाही, तो वाचावा लागतो. सोळाव्या शतकातला इटालियन वास्तुकार पाल्लादिओ याने रोमन अवशेषांवरून बसवलेली प्रमाणे अठराव्या शतकातल्या इंग्रजांनी जवळजवळ व्याकरणासारखी पाठ केली होती, आणि हे घर म्हणजे त्या व्याकरणातले एक साधे, निर्दोष वाक्य होते. खाली अर्धे जमिनीत गेलेले तळघर, त्यावर दगडाचा आडवा पट्टा, त्यावर मुख्य मजला. तेथल्या खिडक्यांची उंची रुंदीच्या बरोबर दुप्पट. त्यावरच्या मजल्यावरच्या खिडक्या थोड्या बुटक्या आणि सर्वांत वरच्या चौरस. प्रत्येक मजल्यावर पाच खिडक्यांची जागा, मध्यभागी दार, दारावर त्रिकोणी शिरोभाग, आणि सगळ्याच्या वर विटांचा सरळ कठडा, ज्याच्यामागे छप्पर असे काही अस्तित्वातच नसल्याचा आव आणलेला असतो.

डावीकडच्या दोन खिडक्या खोट्या होत्या. चौकट होती, तावदानांच्या पट्ट्या होत्या, पण काचेच्या मागे काळा रंग दिलेली भिंत. असे काही दिसले की मार्गदर्शक लगेच खिडकी-कराची गोष्ट सांगतात. तो कर खरोखरच होता, १६९६ पासून १८५१ पर्यंत, आणि तो चुकवण्यासाठी अनेकांनी खिडक्या बुजवल्याही होत्या. येथे मात्र त्या भिंतीच्या आत शेकोट्यांचे धुराडे होते आणि त्या जागी खिडकी कधीच शक्य नव्हती. ती दाखवली होती ती केवळ उजवीकडे खिडक्या आहेत म्हणून. बाहेरच्या समतोलापुढे आतल्या सोयीचे काही चालत नाही, हा या शैलीचा स्वभाव. तो मला वर्षानुवर्षे ठाऊक आहे, पण त्या दिवशी तो किती महाग पडतो हे दिसायचे होते.

मी शिडीवर चढून एका खिडकीवरची कमान जवळून पाहिली. या कमानींसाठी मऊ लाल विटा वापरत. गवंडी त्या दगडावर घासून घासून पाचरीच्या आकाराच्या करत आणि चुन्याच्या नुसत्या मऊ लगद्यात बसवत. दोन विटांमधली दरज इतकी बारीक होती की माझे नख त्यात जाईना. लाल कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने रेघा ओढाव्यात तशी ती कमान दिसत होती. तिच्या शेजारच्या साध्या भिंतीत मात्र कोणीतरी, बहुधा चाळीसेक वर्षांपूर्वी, जुना चुना कोरून काढून दरजा राखाडी सिमेंटने बोटभर जाडीच्या भरल्या होत्या, आणि तेथल्या विटांचे पापुद्रे सुटून त्यांचे तोंडच नाहीसे झाले होते. चुना विटेपेक्षा मऊ असतो. भिंतीत शिरलेले पाणी दरजांतून वाफ होऊन निघून जाते आणि झीज झालीच तर चुन्याची होते. सिमेंट ती वाट बंद करते, पाणी विटेतच अडकते, थंडीत गोठते आणि विटेचा चेहरा फोडून बाहेर येते. ही गोष्ट मी अर्जदारांना इतक्या वेळा सांगितली आहे की आता सांगताना मला स्वतःचाच कंटाळा येतो. पण वही काढून नोंद केली.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेला पडली होती आणि तिची नोंद मी केली नाही. दर्शनी भिंतीवर पावसाच्या पाण्याचा एकही नळ नव्हता. कठड्यापासून जमिनीपर्यंत ती सगळी भिंत अगदी स्वच्छ होती. मला वाटले, किती सुंदर दिसते!

मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, ताठ पाठीच्या आणि थोडक्यात बोलणाऱ्या. त्यांनी मला थेट दर्शनी बाजूच्या उजव्या कोपऱ्यातल्या जेवणघरात नेले. खिडकीच्या बगलेत, भिंतीच्या लाकडी आवरणाच्या खालच्या पट्टीलगत, भिंत वीतभर उंचीपर्यंत काळपट झाली होती. रंग फुगला होता आणि बोट लावताच पीठ झाल्यासारखा गिलावा गळत होता. पियानो त्यांनी सात वर्षांपूर्वीच तेथून हलवला होता. अहवालातले सगळे आकडे याच वीतभर पट्ट्यातले होते. ओल मोजायचे ते छोटे दोन टोकांचे यंत्र मुळात लाकडासाठी बनवलेले असते. भिंतीत क्षार असले की ते कोरड्या भिंतीलाही ओली ठरवते. माझ्याजवळही ते यंत्र होते आणि त्याने अहवालातलेच आकडे दाखवले.

मग मी तळघर पाहायला मागितले. ते तिसऱ्या अहवालाच्या लेखकाने पाहिलेले नव्हते, कारण त्या खोलीला कुलूप होते आणि किल्ली सापडत नव्हती, असे त्याने प्रामाणिकपणे लिहिलेही होते. किल्ली आता सापडली. तळघराच्या नदीकडच्या दाराच्या दगडी चौकटीत पुराच्या खुणा कोरलेल्या होत्या: १८९४ आणि १९४७. टेम्सच्या काठी हे दोन आकडे कुठल्याही जुन्या घरात सापडतात. त्यांच्या खाली २०१४ ची खूण मालकीणबाईंच्या नातवाने पेन्सिलीने केली होती. १९४७ ची रेघ माझ्या गुडघ्याच्या वर येत होती. म्हणजे या खोलीत नदी खरोखरच येऊन गेली होती, तीही एकदा नव्हे. पण भिंती? नुसत्या विटांच्या, वर्षानुवर्षे पांढरी सफेदी दिलेल्या, थंड आणि धडधाकट. जमिनीलगत थोडी ओल आणि क्षारांची बारीक पांढरी फुले होती, ती असणारच. त्याच्या वर काही नाही. खिडक्यांना गज होते, काचा नव्हत्या, आणि नदीवरचा वारा त्या खोलीतून सरळ आरपार जात होता.

मी जेवणघराच्या अगदी खाली येते ती भिंत शोधून काढली आणि तिच्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले. ती कोरडी होती. पाणी जमिनीतून वर चढत असेल तर ते तळघराची सात फूट भिंत वगळून थेट जेवणघरात कसे पोचेल? आणि नदी पाठीमागे असताना पाठीमागच्या सगळ्या खोल्या कोरड्या राहून नदीपासून सर्वांत लांबची, रस्त्याकडची भिंतच ओली का व्हावी? हे दोन प्रश्न कोणाही शाळकरी मुलाला पडले असते. तिन्ही अहवालकर्त्यांना ते पडले नव्हते आणि, मला कबूल करायला हवे, सकाळभर मलाही पडले नव्हते. ‘नदीकाठचे घर’ हे शब्द एकदा कागदावर उमटले की पुढचा माणूस नदीकडेच बघत राहतो.

माझ्याजवळ क्षार तपासायच्या कागदी पट्ट्या असतात. जमिनीतले पाणी भिंतीत चढले की सोबत मातीतले नायट्रेट आणते. पावसाच्या पाण्यात ते जवळजवळ नसते. तळघरातल्या पांढऱ्या फुलांची चिमूटभर पूड शुद्ध पाण्यात विरघळवून पट्टी बुडवली तर ती गडद गुलाबी झाली. जेवणघरातल्या काळपट पट्ट्यातली पूड घेतली तर पट्टीला रंग आला न आला असे झाले. हा काही न्यायालयात टिकणारा पुरावा नव्हे, पण आळ घेण्याआधी विचार करावा, इतके सांगायला तो पुरेसा होता.

जेवायला मालकीणबाईंनी सूप आणि पाव दिला. बोलता बोलता त्यांनी मला जरा अडखळत विचारले, की अशा घरांत काम करताना, हे कोणाच्या पैशावर उभे राहिले असा विचार मनात येतो का. त्यांचे घर एका वकिलाने बांधले होते, पण बॅसिल्डन पार्कविषयी त्यांना ठाऊक होते. तो प्रासाद सर फ्रान्सिस साइक्सचा. बंगालच्या नवाबाच्या मुर्शिदाबादच्या दरबारात ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट म्हणून राहून त्याने अमाप संपत्ती जमवली, १७७१ मध्ये ती जहागीर विकत घेतली आणि १७७६ पासून यॉर्कचा वास्तुकार जॉन कार याच्याकडून तेथे घर बांधवून घेतले. मधल्या १७७० सालचा बंगालचा दुष्काळ इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात आहे. मी त्यांना म्हटले, “येतो. पण विटा घासणाऱ्या गवंड्याचाही येतो.” त्या नुसत्या मान हलवून गप्प बसल्या. ते उत्तर मला स्वतःला आजही पुरेसे वाटत नाही, पण त्या क्षणी तेच सुचले.

मग, विषय बदलावा म्हणून असेल, त्या घराच्या जुन्या आठवणी सांगू लागल्या, आणि त्यांतले एक वाक्य ऐकून मी चमचा खाली ठेवला. “मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा,” त्या म्हणाल्या, “पावसाच्या रात्री आमच्या खोलीच्या छतावरून ओढा वाहावा तसा आवाज यायचा. मला पहिली काही वर्षे झोप लागत नसे. नंतर छपराचे काम झाले आणि तो आवाज बंद झाला. आम्हाला वाटले, बरे झाले.”

“छपराचे काम कधी झाले?”

“तीस वर्षे झाली असतील.”

“आणि जेवणघरातली ओल?”

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. “त्यानंतर सातआठ वर्षांनी,” त्या म्हणाल्या.

जवळच्याच एका चर्चच्या छपरावर आमच्या ओळखीचे शिसेकाम करणारे कारागीर काम करत होते. त्यांना फोन केला. इंग्रजीतला ‘प्लंबर’ हा शब्द शिशाच्या लॅटिन नावावरून, म्हणजे ‘प्लंबम’वरून आला आहे, आणि नळाची तोटी बदलणाऱ्या माणसाला तो लावतात याचा या गृहस्थांना मनापासून राग आहे. दोन वाजता ते आले. त्याच सुमारास कौन्सिलचे संवर्धन अधिकारीही ठरल्याप्रमाणे पोचले, आणि आम्ही तिघे माळ्यावरच्या झरोक्यातून छपरावर चढलो.

कठड्यामागे जे लपवलेले असते ते तेथे दिसले. या घराचे छप्पर एकसंध नव्हते. दोन बुटकी छपरे एकमेकांना समांतर, मध्ये दरी. एकच मोठे छप्पर केले असते तर ते उंच झाले असते आणि कठड्यावरून डोके काढून रस्त्यावरच्या माणसाला दिसले असते. आता दर्शनी उतारावरचे पाणी घरंगळत येते ते कठड्याच्या आतल्या पन्हळीत. तेथून ते खाली उतरवायचे तर दर्शनी भिंतीवर नळ हवा, आणि नळ म्हणजे त्या निर्दोष वाक्यातली शाईची धार. म्हणून अठराव्या शतकातल्या कारागिरांनी काय केले असेल? ते पाणी त्यांनी घराच्या आत घेतले. दर्शनी पन्हळीच्या मध्यातून एक लाकडी, आतून शिसे मढवलेली नाळ माळ्यातून, शयनगृहांच्या छतावरून, थेट पाठीमागच्या भिंतीपर्यंत नेली आणि तेथे, नदीकडच्या बाजूला, जिथे नळ दिसला तरी चालतो, तेथे ती बाहेर काढली. मालकीणबाईंना तरुणपणी ऐकू यायचा तो ओढा हाच. अशा गुप्त नाळा त्या काळातल्या पुष्कळ घरांत आढळतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे अस्तित्व घरमालकांच्या विस्मरणात गेलेले असते.

मला तेव्हा मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आठवला. तोही नदीकाठी, आणि काळही जवळजवळ हाच. पण आपल्या वाड्यांना छप्पर लपवायची लाज नसते. वळचण हात-दीड हात बाहेर काढायची, पागोळ्या अंगणात पडू द्यायच्या, की भिंतीचा आणि पावसाचा संबंध संपला. पाणी घरात घेऊन, माणसांच्या डोक्यावरून नेऊन, दुसऱ्या बाजूने बाहेर सोडण्याची कल्पना आमच्याकडच्या एखाद्या गवंड्याला सांगितली असती तर त्याने थापी खाली ठेवून आधी माझी प्रकृती विचारली असती. आणि तरीही ती नाळ दोनशे वर्षे बिनतक्रार चालली होती, हेही खरे.

बिघडली ती तीस वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत. ज्या कोणी पन्हळीतले जुने शिसे बदलले त्याने नवा पत्रा सलग घातला होता. कारागिरांनी पावले टाकून मोजला, मग फितीने मोजला: जवळजवळ पाच मीटर. शिसे उन्हाने वाढते आणि थंडीने आकसते, दररोज, वर्षानुवर्षे. म्हणून पन्हळीत ते लहान लहान तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याला दोन बोटांची पायरी देऊन घालायचे असते, म्हणजे प्रत्येकाला हलायला जागा राहते. जाडातला जाड पत्राही तीनएक मीटरपेक्षा लांब घालू नये, असा दंडक आहे. या सलग पत्र्याला हलायला जागाच नव्हती. तो मध्ये उचलला गेला होता आणि फुगवट्याच्या माथ्यावर आडवा चिरला होता. चीर केसासारखी, हाताच्या पंजाएवढी लांब. कारागिरांनी तिच्यावर पाण्याची बाटली ओतली. पाणी क्षणभर चकाकले आणि आत गेले. कोठे गेले हे सांगायची गरज नव्हती. आम्ही जेवणघराच्या उजव्या कोपऱ्याच्या बरोबर वर उभे होतो.

शिवाय पायऱ्या काढून टाकल्यामुळे पन्हळीचा उतारच गेला होता आणि नाळेच्या तोंडाशी पारव्यांचे घरटे, पाने आणि स्लेटचे तुकडे यांचा चिखल घट्ट बसला होता. नाळेकडे पाणी जात नव्हतेच. ते पन्हळीत साचायचे, चिरेतून भिंतीच्या माथ्यात उतरायचे आणि अडीच विटांच्या जाडीतून तीन मजले खाली सरकत, जोत्याच्या वरच्या दगडी पट्ट्यापाशी अडून, जेवणघराच्या तळाशी दिसायचे.

संवर्धन अधिकाऱ्यांच्या परवानगीने आम्ही जेवणघराच्या त्या खिडकीची लाकडी बगल उघडली. जॉर्जियन खिडकीच्या बगलेत आतल्या झडपा घडी करून ठेवायची पेटी असते. रंगाच्या दहाबारा थरांखालचे स्क्रू शोधण्यात अर्धा तास गेला. फळी सुटली तशी आधी वास आला, पावसाळ्यात जंगलात अळंब्यांचा येतो तसा. मग विजेरीच्या उजेडात विटांच्या रंगाची बारीक पूड दिसली, सगळ्या पेटीत मायेने भुरभुरल्यासारखी. ही एका बुरशीची बीजे. इंग्रज तिला ‘ड्राय रॉट’ म्हणतात, म्हणजे कोरडी कूज, आणि इतके फसवे नाव क्वचितच कोणाला मिळाले असेल, कारण ओलीशिवाय ती जगत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली गेला की तिची वाढ थांबते. भिंतीत मजबुतीसाठी आडवी घातलेली जुनी तुळई चौकोनी ढेकळांत फुटली होती. मी एक ढेकूळ उचलले तर त्याला वजनच नव्हते. सिमेंटच्या नव्या गिलाव्यामागे हे सगळे कायमचे झाकले गेले असते आणि बुरशी आरामात वरच्या मजल्याकडे चढली असती. त्या प्रस्तावाला सकाळी मी होकार द्यायला निघाले होते, हे मी मालकीणबाईंना तेव्हाच सांगून टाकले.

झडपेची एक फळी पूर्ण गेली होती. सुताराला ती नवी करावी लागेल, म्हटल्यावर अधिकाऱ्यांनी बॅसिल्डनचीच गोष्ट सांगितली. ते घर दोन महायुद्धांत लष्कराच्या ताब्यात राहून आणि आतले कोरीव काम विकले जाऊन ओसाड पडले होते. १९५० च्या दशकात आयलिफ दांपत्याने ते घेतले, तेव्हा जॉन कारचेच काम असलेले लिंकनशरमधले पँटन हॉल पाडले जात होते. तेथली महोगनीची दारे आणून बॅसिल्डनच्या चौकटींत लावली तर ती जशीच्या तशी बसली. प्रमाणे पाठ असलेल्या कारागिरांची ती पिढी. आमच्याकडे तर बाकीच्या चार खिडक्यांच्या झडपा नमुन्याला शाबूत होत्या.

त्यानंतर तासभर वाद झाला तो नळावरून. कारागिरांचे म्हणणे सरळ होते: दर्शनी भिंतीवर काळ्या बिडाचा एक नळ उतरवा, नाळ कायमची बंद करा, प्रश्न मिटला. अधिकाऱ्यांनी नकार दिला. मला त्यांचा थोडा रागच आला. तीन मजले भिंत कुजली ती या सोवळेपणापायी, असे माझ्या तोंडून निघून गेले. पण बोलता बोलता मलाच उमगले, की भिंत कुजली ती नाळेमुळे नव्हे, तर नाळ विसरल्यामुळे. शेवटी ठरले ते असे: पन्हळीचा लाकडी तळ उचलून उतार आणि पायऱ्या पूर्ववत करायच्या, शिसे तुकड्यांत घालायचे, नाळेच्या तोंडाशी माणूस पोचेल अशी झडप ठेवायची, आणि कठड्यात एका टोकाला, रस्त्यावरून सहज दिसणार नाही असे, उतू जाणारे पाणी बाहेर फेकणारे एक लहान तोंड काढायचे. नाळ तुंबली तर पाणी भिंतीत न जाता घरासमोर उघड्यावर पडेल आणि घरातल्यांना कळेल. जुन्यासारखेच केलेल्या दुरुस्तीला सहसा परवानगी लागत नाही. या तोंडासाठी मात्र अर्ज करावा लागणार होता आणि तो मी करणार होते. दरजांतले सिमेंट काढून चुना भरायचा. जेवणघराची भिंत उघडीच ठेवायची, कारण अशी भिंत महिन्याला साधारण इंचभर सुकते, म्हणजे दोन वर्षांची निश्चिंती.

“दोन वर्षे विटा बघत जेवायचे?” मालकीणबाईंनी विचारले.

“हो,” मी म्हटले. “आणि खिडकी उघडी ठेवायची.”

जुन्या शिशाचा एक तुकडा, तीस वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीतून कोपऱ्यात वाचलेला, कारागिरांना सापडला होता. त्यावर कोण्या कारागिराने स्वतःचा बूट ठेवून त्याच्या कडेने टोकदार काहीतरी फिरवले होते आणि आत दोन अक्षरे कोरली होती. अशा बुटांच्या आकृत्या जुन्या छपरांवर ठिकठिकाणी सापडतात. कारागिरांनी आपला पाय त्यात ठेवून पाहिला. तो पुष्कळच मोठा निघाला.

साडेचारला अंधारून आले. चिरेवर तात्पुरती चिकटपट्टी बसवून आणि नाळेचे तोंड दोन बादल्या चिखल काढून मोकळे करून कारागीर खाली उतरले तोच पाऊस सुरू झाला. मी सामान गाडीत ठेवत होते तेव्हा मालकीणबाईंनी मला परत आत बोलावले आणि काही न बोलता वरच्या मजल्यावर नेले. त्यांनी दिवा लावला नाही. छतावरून, आमच्या डोक्यावरून, समोरच्या भिंतीकडून मागच्या भिंतीकडे, खळखळत पाणी निघाले होते, नदीच्या दिशेने.

“हाच,” त्या म्हणाल्या.